डांबराच्या पंगतीतला वाढपी : जड क्रूड हलकं कसं करतात

मराठीत आपण रस्त्यावर ओततात त्यालाही डांबर म्हणतो आणि आजीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमधे ठेवलेल्या पांढऱ्या वासाच्या गोळ्यांनाही डांबराच्या गोळ्याच म्हणतो. वस्तू दोन्ही वेगळ्या. रस्त्यावरचं काळं म्हणजे बिटुमेन, क्रूड तेलातलं सगळं उपयोगी उकळून काढल्यावर बुडाला उरतं ते. गोळी म्हणजे नॅफ्थलीन, ते कोळशाच्या डांबरातून काढतात म्हणून ते नाव चिकटलं. आता गंमत अशी की आज ज्याबद्दल लिहायचंय त्यात हे दोन्ही डांबर एकाच भांड्यात येतात, एक रोगी म्हणून आणि दुसरं औषधाची रिकामी झालेली बाटली म्हणून. कसं ते सांगतो, पण थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

क्रूड तेल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काळं पातळ काहीतरी येतं. सगळं तसं नसतं. तेल किती हलकं किंवा जड हे एपीआय नावाच्या आकड्यात मोजतात, आणि हा आकडा उलटा चालतो, जितका जास्त तितकं तेल हलकं. पाण्याचा एपीआय 10 धरलाय. आपल्या मुंबई हायचं क्रूड 38-39 च्या आसपास, म्हणजे मस्त हलकं, त्यातून पेट्रोल डिझेल भरपूर निघतं. साधारण 22 च्या खाली आलं की त्याला जड म्हणायचं. आणि 10 च्या खाली गेलं की ते तेल पाण्यावर तरंगतच नाही, बुडतं. कॅनडात अल्बर्टा प्रांतात अथाबास्का म्हणून भाग आहे, तिथल्या वाळूत निसर्गतःच मिसळलेलं काळं घट्ट तेल (त्यालाही बिटुमेनच म्हणतात) 8 च्या आसपास आहे. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीच्या पट्ट्यातलं तेल 8 ते 10. आणि साठे म्हणाल तर व्हेनेझुएलाचे जाहीर साठे 300 अब्ज बॅरलच्या वर आहेत, जगात सगळ्यात जास्त, त्यातले बहुतेक या ओरिनोकोतले. म्हणजे जगात तेल खूप आहे हो, पण त्यातलं बरंचसं हे असं, थंडीतल्या काकवीसारखं, नाहीतर त्याहूनही घट्ट.

आता जड म्हणजे नुसतं वजनाला जड आणि घट्ट एवढंच असतं तर गरम करून पाइपलाइनमधे ढकललं असतं. खरी भानगड आतल्या हिशोबात आहे. तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. पेट्रोल डिझेलमधे वजनाने 13-14 टक्के हायड्रोजन असतो. अथाबास्काच्या बिटुमेनमधे साडेदहाच्या आसपास. तुम्हाला वाटेल तीन टक्क्यांनी काय होतंय, पण हायड्रोजन हा सगळ्यात हलका अणू, कार्बनच्या बारावा हिस्सा वजन, त्यामुळे वजनात तीन टक्के म्हणजे अणूंच्या गणतीत प्रचंड फरक. हलक्या तेलात एका कार्बनमागे जवळपास दोन हायड्रोजन असतात, बिटुमेनमधे दीड. तो अर्धा हायड्रोजन कुठे गेला तर रेणूंमधे कार्बनच्या कड्या कड्यांना चिकटून मोठमोठे पत्रे झालेत, त्यांना अॅस्फाल्टीन म्हणतात. अॅस्फाल्टीनची व्याख्याच अशी आहे की हेप्टेनमधे (सरळ साखळीचा हलका द्रव) विरघळत नाही आणि टोल्युइनमधे (कार्बनची कडी असलेला द्रव) विरघळतं. यांच्या पोटात गंधकही असतं (अथाबास्कात पावणेपाच टक्क्यांच्या घरात), नायट्रोजन असतो, आणि व्हॅनेडियम निकेलसारखे धातूसुद्धा. व्हॅनेडियम तेलात! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. व्हेनेझुएलाच्या बोस्कान क्रूडमधे तर हजार पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) वर व्हॅनेडियम असतो.

बरं मग या मोठ्या रेणूंचे तुकडे करायचे तर सोपा उपाय म्हणजे तापवा. 400 डिग्रीच्या पुढे गेलं की कार्बन-कार्बनचे बॉण्ड आपोआप तुटायला लागतात. तुटतात ते मधोमध, म्हणजे दोन्ही तुकड्यांच्या टोकाला एकेक हात मोकळा राहतो, याला फ्री रॅडिकल म्हणतात. हा मोकळा हात शांत बसत नाही, जे जवळ येईल ते पकडतो. हायड्रोजन सापडला तर तुकडा शांत झाला, आपलं काम झालं, मोठ्याचे दोन छोटे झाले. पण बिटुमेनमधे मुळात हायड्रोजनचीच बोंब, मग तो हात शेजारच्या दुसऱ्या तुकड्याला पकडतो, तो तिसऱ्याला, आणि तोडायला गेलो होतो त्यापेक्षा मोठा गठ्ठा तयार होतो. त्याचा पुढे कोक होतो, काळा कडक दगडी कोळशासारखा. घरी गुळाचा पाक करताना जरा लक्ष चुकलं आणि तो पुढे गेला की मग पाणी घाला नाहीतर काही करा, परत मागे येत नाही, तसंच हे. शिवाय बुडाला लागतं ते वेगळंच. रिऍक्टरच्या आत कोक लागला की प्लांट बंद करून खरवडत बसायचं.

यावर रिफायनरीवाल्यांनी दोन रस्ते काढलेत. पहिला रस्ता म्हणजे हार मानणे, पण हुशारीने. कोक होणारच आहे ना, मग होऊ दे, पण आम्ही सांगू तिथे. जड तेल भट्टीतून झपाट्याने न्यायचं आणि मोठ्या ड्रममधे सोडायचं, तिथे ते सावकाश शिजतं, हलका माल वाफ होऊन वरून निघून जातो आणि ड्रम कोकने भरत जातो. भरला की दुसऱ्या ड्रमवर जायचं आणि पहिल्यातला कोक जबरदस्त दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने कापून काढायचा. हा डिलेड कोकर. कॅनडात 1967 मधे ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्सने हेच वापरलं, व्हेनेझुएलात होझे इथे ओरिनोकोच्या तेलासाठी जे चार मोठे अपग्रेडर उभे राहिले त्या चारही ठिकाणी डिलेड कोकरच, आणि आपल्याकडे जामनगरला रिलायन्सचा कोकर जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, म्हणून तर ते व्हेनेझुएलाचं असलं काळं तेल स्वस्तात घेऊन पचवू शकतात. तोटा एवढाच की मालाचा चांगला 20 ते 30 टक्के भाग कोक होऊन जातो आणि तो सिमेंटच्या भट्टीत जाळायला विकावा लागतो. म्हणजे कार्बन फेकून द्यायचा, म्हणजे उरलेल्यात हायड्रोजनचं प्रमाण आपोआप वाढतं. वर्गातली नापास मुलं काढून टाकून शाळेचा निकाल वाढवल्यासारखं आहे, पण चालतं.

दुसरा रस्ता हायड्रोजन घालायचा. हायड्रोक्रॅकिंग वगैरे मोठी नावं आहेत, मुद्दा एवढाच की 100 ते 200 बार दाबाने हायड्रोजन वायू आणि सोबत कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न खपता क्रिया घडवून आणणारा पदार्थ. कॅटॅलिस्ट का, तर हायड्रोजन वायूत दोन अणू एकमेकांना 436 किलोज्यूलच्या ताकदीने धरून बसलेत, ते सहजी सुटत नाहीत, निकेल-मॉलिब्डेनमसारखा कॅटॅलिस्ट त्यांना सोडवतो. चांगला रस्ता आहे, माल जास्त मिळतो, गंधकही निघतं. पण तो व्हॅनेडियम आठवतोय ना? तो आणि निकेल येऊन कॅटॅलिस्टच्या बारीक छिद्रांत बसतात, अॅस्फाल्टीनचे पत्रे तोंडाशी अडकतात, आणि महागाचा कॅटॅलिस्ट मरतो. काही प्लांटमधे म्हणून चालू रिऍक्टरमधूनच रोज थोडा जुना कॅटॅलिस्ट काढून नवा घालत राहतात. खर्च किती ते तुम्हीच बघा.

आणि आता तिसरा रस्ता, ज्यासाठी हे सगळं पुराण लावलं. हायड्रोजन डोनर सॉल्व्हंट, म्हणजे तेलात मिसळून त्याला हायड्रोजन देणारा द्रव.

लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. मांडवात पानं मांडलीत, भुकेली मंडळी बसलीत, काही जण तर इतके भुकेले की वाढायला उशीर झाला तर शेजारच्याच्या पानात हात घालतील (हेच आपले फ्री रॅडिकल). मागे आचारी मोठ्या कढईपाशी. आता आचाऱ्यालाच कढई घेऊन पंगतीत आणलं तर काय होईल, सगळे त्याच्यावर तुटून पडतील, त्याचे कपडे खराब, कढई सांडली. दुसऱ्या रस्त्यात कॅटॅलिस्टचं नेमकं हेच होतं. त्यापेक्षा मधे वाढपी ठेवा. वाढपी हातात भरलेलं भांडं घेऊन प्रत्येक पानाशी जातो, जिथे कमी पडलं तिथे लगेच वाढतो, भांडं रिकामं झालं की मुदपाकखान्यात जाऊन भरून आणतो. आचारी पंगतीचं तोंडही बघत नाही. डोनर सॉल्व्हंट म्हणजे हा वाढपी.

सगळ्यात प्रसिद्ध वाढपी म्हणजे टेट्रालिन. हा नॅफ्थलीनचा सख्खा भाऊच. नॅफ्थलीन म्हणजे दोन कड्या जोडलेल्या, दहा कार्बन आठ हायड्रोजन. त्यातल्या एका कडीत चार हायड्रोजन घातले की झालं टेट्रालिन, दहा कार्बन बारा हायड्रोजन. दिसायला पाण्यासारखं पातळ, 207 डिग्रीला उकळतं. हे चार जास्तीचे हायड्रोजन त्याच्या अंगावर सैल बसलेत, खास करून शेजारच्या न भरलेल्या कडीला (अशा स्थिर, हायड्रोजन कमी असलेल्या कडीला अॅरोमॅटिक म्हणतात) लागून जे आहेत ते. तिथला कार्बन-हायड्रोजन बॉण्ड साधारण 350 किलोज्यूलचा, म्हणजे हायड्रोजन वायूतल्या बॉण्डपेक्षा बराच ढिला. भुकेला रॅडिकल जवळ आला की पटकन एक देऊन टाकतो. आणि एक दिला की दुसरा द्यायला तो स्वतःच उतावीळ होतो, कारण चारही देऊन टाकले की तो परत नॅफ्थलीन होणार, आणि नॅफ्थलीन ही फार स्थिर, समाधानी अवस्था आहे. म्हणजे देण्यात त्याचाच फायदा, अशी दानत रसायनशास्त्रातच सापडायची.

आता कुणी विचारेल की मग चारच का, दोन्ही कड्या भरून टाका ना. तसं करता येतं, त्याला डेकालिन म्हणतात, त्यात नॅफ्थलीनपेक्षा दहा हायड्रोजन जास्त. पण डेकालिन देत नाही! कारण त्याच्यात अॅरोमॅटिक कडी उरलेलीच नाही, तो शेजारी ढिला करणारा कुणी नाही, सगळे बॉण्ड 400 किलोज्यूलच्या आसपास किंवा वर, घट्ट. गडगंज श्रीमंत पण मूठ आवळलेली. शिवाय त्याच्यात अजून एक दुर्गुण, तो अॅस्फाल्टीनला नीट विरघळवून ठेवत नाही, ते वेगळे होऊन खाली बसतात आणि खाली बसले की एकमेकांशी चिकटून लगेच कोक. टेट्रालिन अर्धा अॅरोमॅटिक असल्यामुळे अॅस्फाल्टीनला सांभाळून पसरून ठेवतो आणि वर हायड्रोजनही देतो. लोक फक्त हायड्रोजन देण्याबद्दल बोलतात पण माझ्या मते हे विरघळवून ठेवण्याचं काम निम्मं तरी श्रेय घेऊन जायला हवं. वाढपी पंगतीत गर्दी होऊ देत नाही, लोकांना अंतर ठेवून बसवतो, त्यामुळे भांडणंच कमी होतात.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं पण खरं पटलं ते एमटेकला असताना. आमच्याकडे बोटभर लांबीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या होत्या, दोन्ही टोकांना घट्ट आवळायच्या टोप्या, त्यांना ट्यूबिंग बॉम्ब म्हणतात, नाव भयंकर आहे पण वस्तू चिमुकली. गरम करायला वाळूची भट्टी, खालून हवा सोडली की बारीक वाळू पाण्यासारखी उकळत राहते आणि तापमान सगळीकडे सारखं राहतं. आमच्या गावात भडभुंज्याकडे चुरमुरे फुटाणे भाजायची वाळूची कढई असायची तिचीच सायंटिफिक आवृत्ती म्हणा. व्हॅक्यूम रेसिड्यू म्हणजे अगदी शेवटचा गाळ, गार असताना इतका कडक की हातोडीने तुकडे करून घ्यावे लागायचे. तीन नळ्या भरल्या. एकीत नुसता रेसिड्यू, दुसरीत रेसिड्यू आणि टेट्रालिन, तिसरीत रेसिड्यू आणि डेकालिन. 430 डिग्री, एक तास, मग चिमट्याने धरून सरळ पाण्याच्या बादलीत. चर्र.

पहिली नळी उघडली तर आतून काळी फुगलेली जाळी, टोकरणीने खरवडून निघेना, टोल्युइनने धुतलं तरी फिल्टर पेपरवर काळा भुगा साठला. टेट्रालिनवाली उघडली तर तपकिरी पातळ तेल ओतलं गेलं, टोल्युइन ओतलं तर पेपरवर जेमतेम डाग. डेकालिनवालीत परत भुगा, पहिलीइतका नाही पण चांगलाच. आणि खरी मजा नंतर. टेट्रालिनवालीतला माल मी छोट्या काचेच्या डिस्टिलेशनला लावला आणि कंडेन्सरच्या गार गळ्यापाशी पांढरे चकचकीत खडे जमायला लागले. वास घेतला आणि एकदम आजीची ट्रंक. नॅफ्थलीन! म्हणजे वाढपी रिकामं भांडं घेऊन परत आला होता. गारच्या पाण्याचा नळ मी जास्त सोडल्यामुळे तो गळा पूर्ण बुजला आणि सरांची बोलणी खाल्ली ते सोडा (नॅफ्थलीन 80 डिग्रीच्या खाली गोठतं, तेव्हा कंडेन्सरला गरम पाणी सोडायचं, हे मला त्यानंतर कुणी सांगावं लागलं नाही). शर्टाला दोन दिवस डांबर गोळीचा वास येत होता.

थोडा हिशोब करू. टेट्रालिनचा रेणूभार 132, त्यातले 4 देता येतात, म्हणजे वजनाच्या 3 टक्के. समजा 100 किलो बिटुमेनमधला हायड्रोजन एकाच टक्क्याने वाढवायचाय, म्हणजे साधारण 1 किलो हायड्रोजन. तर कागदावर 33 किलो टेट्रालिन लागेल. प्रत्यक्षात प्रत्येक वाढपी भांडं पूर्ण रिकामं करून येत नाही, काही तर वाटेत वेडेवाकडे होतात (टेट्रालिनचा थोडा भाग कडी आक्रसून मिथाइलइंडेन होतो आणि तो मग कामाचा राहत नाही), म्हणून याहून बरंच जास्त घालावं लागतं. बॅरलमागे इतकं शुद्ध टेट्रालिन विकत आणायचं म्हटलं तर तेलापेक्षा सॉल्व्हंटच महाग. म्हणून प्लांटमधे टेट्रालिन कुणी वापरत नाही, ते आमच्यासारख्या प्रयोगशाळेतल्या लोकांचं खेळणं. प्लांटमधे वाढपी घरचाच तयार करतात.

रिफायनरीत असे मधल्या वजनाचे, दोन-तीन कड्यांच्या अॅरोमॅटिकनी भरलेले प्रवाह असतात, उदाहरणार्थ कॅटॅलिटिक क्रॅकरमधून (कॅटॅलिस्ट वापरून तेल तोडणारं युनिट) निघणारं सायकल ऑइल, एरवी त्याला फारसं कुणी विचारत नाही. शिवाय बिटुमेन तुटल्यावर त्यातूनच तशा कड्यांचा गॅस ऑइल, म्हणजे मधल्या वजनाचं तेल, मिळतो. हा प्रवाह वेगळा काढायचा, एका वेगळ्या रिऍक्टरमधे हायड्रोजन आणि कॅटॅलिस्टवरून न्यायचा आणि कड्या अर्धवट भरायच्या. अर्धवट हं, हा शब्द महत्त्वाचा. जास्त भरल्या तर डेकालिनसारखे कंजूष होतील, कमी भरल्या तर द्यायला काही नाही. मग हा भरलेला सॉल्व्हंट जड तेलात मिसळून 400 ते 450 डिग्रीला न्यायचा, दाब सॉल्व्हंट द्रव राहील एवढा ठेवायचा. तुकडे पडतात, हायड्रोजन वाटला जातो. बाहेर आल्यावर डिस्टिलेशन करून हलका माल विकायला, बुडातला गाळ वेगळा, आणि मधला तुकडा, म्हणजे रिकामे वाढपी, परत त्या हायड्रोजनच्या रिऍक्टरकडे. चक्र चालू. यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे कॅटॅलिस्टला आयुष्यात कधी व्हॅनेडियम दिसत नाही, अॅस्फाल्टीन दिसत नाही, त्याच्यासमोर येतो तो डिस्टिलेशन होऊन आलेला स्वच्छ गॅस ऑइल. माझ्या दृष्टीने हीच या सगळ्या भानगडीतली खरी आयडिया आहे, बाकी तपशील. घाण काम आणि नाजूक काम दोन वेगळ्या खोल्यांत केलं.

कल्पना काही आजची नाही. जर्मनीकडे तेल नव्हतं, कोळसा होता. फ्रीड्रिख बेर्गियुस यांनी कोळशावर दाबाखाली हायड्रोजन सोडून तेल करायची पद्धत काढली आणि 1931 चं रसायनशास्त्राचं नोबेल कार्ल बॉश यांच्यासोबत त्यांना मिळालं. त्याच सुमाराला पॉट आणि ब्रोखे या दोघांनी कोळसा टेट्रालिन आणि क्रेसॉलच्या मिश्रणात शिजवून विरघळवायची पद्धत बसवली, म्हणजे वाढपी पहिल्यांदा पंगतीत उतरला तो कोळशाच्या. पुढे 1950 च्या दशकात अमेरिकेत एस्सोच्या संशोधकांनी तीच युक्ती क्रूडच्या जड गाळावर करून बघितली आणि टेट्रालिनमधला हायड्रोजन गाळाच्या तुकड्यांवर कसा जातो ते मोजलं. एस्सोचं नाव 1972 मधे एक्सॉन झालं, आणि तेलाचे भाव भडकल्यावर त्यांनी परत कोळशाकडे मोर्चा वळवून एक्सॉन डोनर सॉल्व्हंट नावाची प्रोसेस टेक्सासमधे बेटाउनला दिवसाला 250 टन कोळशाच्या प्लांटवर चालवून दाखवली, 1980 ते 1982. चालली हो, तांत्रिकदृष्ट्या व्यवस्थित चालली. कॅनडात गल्फ कॅनडाने बिटुमेनसाठी डोनर रिफाइन्ड बिटुमेन नावाने हेच मांडलं. आणि मग 1986 ला तेलाचा भाव धाडकन निम्म्याच्या खाली आला आणि असल्या सगळ्या फायली कपाटात गेल्या, डांबर गोळ्यांसकट.

मला बरेच जण विचारतात की एवढं छान आहे तर सगळीकडे कोकरच का दिसतात. भाव पडले हे एक झालं, पण तेवढंच नाही. एक म्हणजे वाढपी जागा खातो. रिऍक्टरमधे जितकं तेल जवळपास तितकाच सॉल्व्हंट फिरवायचा तर निम्मा रिऍक्टर, निम्मी भट्टी, निम्मा पंप आपण विकणार नसलेल्या मालासाठी चालवतोय. दुसरं, तो परत मिळवताना तेवढाच आणि तसाच मिळायला हवा. प्रत्येक फेरीत थोडा तुटतो, थोडा बुडाच्या गाळात अडकून जातो, आणि नवीन येणारे तुकडे त्याच्या जागी बसतात पण ते चांगले दाते असतीलच असं नाही, मग हळूहळू वाढपीच आळशी होत जातात. तिसरं, हायड्रोजन फुकट मिळत नाही. वाढपी फक्त नेतो, भांडं शेवटी भरायचं ते हायड्रोजन वायूनेच, आणि तो बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून करतात, ज्यात 1 किलो हायड्रोजनमागे 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चौथं गंधक आणि धातू. डोनर कोक थांबवतो पण गंधक काढण्यात तो कॅटॅलिस्टइतका तरबेज नाही, त्यामुळे निघालेल्या मालाला पुढे हायड्रोट्रीटरमधे (हायड्रोजन लावून गंधक काढणारं युनिट) पाठवावंच लागतं. व्हॅनेडियम बुडाच्या गाळात राहतो हे एका अर्थी बरंच, पण त्या गाळाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. कोकर बिचारा ढोबळ आहे, माल वाया घालवतो, पण त्याला काहीही खायला घाला तक्रार करत नाही. प्लांट चालवणाऱ्याला असलं जनावर आवडतं.

तरी कल्पना मेलेली नाही, कारण कॅनडाची एक वेगळीच अडचण आहे. बिटुमेन पाइपलाइनमधून जायचं तर पातळ हवं, 350 सेंटिस्टोकच्या (घट्टपणाचं माप) आत आणि 19 एपीआयच्या आसपास, म्हणून त्यात साधारण 30 टक्के कंडेन्सेट, म्हणजे नैसर्गिक वायूबरोबर निघणारं अगदी हलकं तेल, मिसळतात. म्हणजे प्रत्येक तीन-चार पाइपलाइनमागे एक पाइपलाइन नुसती पातळ करणाऱ्या मालाची. तेव्हा पूर्ण पेट्रोल करायची गरजच नाही, खाणीपाशीच थोडंसं, पातळ होऊन जाईल इतपत तोडलं तरी पुरे. असं अर्धवट काम करायला डोनर बरा पडतो, कारण साधं तापवून जितकं तोडता येतं त्याच्या पुढे गेलं की कोक आणि गाळ सुरू होतो, आणि डोनर घातला की तीच सीमा थोडी पुढे सरकते. व्हेनेझुएलात इंटेवेपच्या (तिथल्या सरकारी तेल कंपनीची संशोधन संस्था) लोकांनी तर अजून पुढची गोष्ट करून बघितली, वाफेबरोबर डोनर सरळ जमिनीखाली तेलाच्या थरातच सोडायचा म्हणजे तेल वर यायच्या आधीच थोडं सुधारेल, जमीनच रिऍक्टर. ऐकायला भारी आहे, पण खाली सोडलेला वाढपी सगळाच्या सगळा परत वर येईल याची खात्री कोण देणार.

आपल्याकडे जड तेल गुजरातेत मेहसाण्याला आहे, बालोल आणि संथाल क्षेत्रात, 15 ते 18 एपीआय. तिथे ओएनजीसीने डोनर वगैरेच्या नादी न लागता जमिनीखाली हवा सोडून तेलाचाच थोडा भाग पेटवला, त्या उष्णतेने बाकीचं पातळ होऊन विहिरीकडे सरकतं. पाक पातळ करायला कढईखालचा जाळ वाढवण्याऐवजी कढईतच जाळ, असला प्रकार.

आणि जाता जाता, हाच वाढपी आता दुसऱ्याच मांडवात दिसतोय. 2020 मधे ब्रुनेईतून जपानला कावासाकीपर्यंत हायड्रोजन जहाजाने नेला तो वायू म्हणून नव्हे तर टोल्युइनवर बसवून. टोल्युइनमधे सहा हायड्रोजन भरले की मिथाइलसायक्लोहेक्झेन होतं, साध्या टँकरमधून नेता येतं, तिकडे पोचल्यावर कॅटॅलिस्टवर सहा काढून घ्यायचे आणि टोल्युइन रिकामं परत पाठवायचं. वाचताना तुम्हाला खटकलंच असेल की हा तर डेकालिनसारखा पूर्ण भरलेला, मग हा कसा देतो? आपणहून देत नाहीच. त्याच्याकडून कॅटॅलिस्ट लावून 300 डिग्रीच्या पुढे तापवून काढून घ्यावा लागतो. टेट्रालिनकडून न मागता मिळतो.